दहा लाखांत एक म्हणजे आपल्यात किती?

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात नौबाद येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





मला बोलायला उभं केलं याचं तुमच्याइतकंच मलाही नवल वाटतं आहे. या जागेवरून कीर्तनकार बोलून गेले, प्राध्यापक बोलून गेले. मी आरोग्य खात्यातला प्रयोगशाळा तंत्रज्ञ, शिक्षण पदविकेपर्यंत. इथल्या निम्म्या मंडळींच्या बोटाला मी कधी ना कधी सुई टोचली आहे, एवढीच माझी ओळख. चिटणीसांनी मधुमेहावर बोला म्हणून सुचवलं होतं. मी ‘पोर्फिरिया’ म्हणालो, तेव्हा त्यांनी विचारलं, हे गाव कुठं आलं? गाव नाही, आजार आहे. त्वचेचा म्हणा, रक्ताचा म्हणा. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सांगणार नाही. मी मोजणारा माणूस आहे, तेव्हा मोजणीबद्दल बोलेन.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिल महिना. बिदरचा एप्रिल तुम्हाला सांगायला नको. सकाळी दहाच्या सुमाराला एक गृहस्थ आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आले. गाव सांगत नाही, आपल्याच भागातलं. मुलाच्या अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळलेला. हाताच्या पाठीवर फोड, जुन्या फोडांचे वण, दोन बोटांची टोकं झिजलेली. कानाच्या पाळ्या कडेनं कुरतडल्यासारख्या. गालावर आणि कपाळावर बारीक लव. दात तांबूस. रांगेतली माणसं आपोआप दोन हात मागं सरकली. कुणी काही बोललं नाही, पण त्या सरकण्याचा अर्थ आपल्या सगळ्यांना कळतो. गावात ‘महारोग’ म्हणून बोलबाला झालाच होता. शाळा सुटली होती. घरात धाकट्या आत्याचं लग्न जमत नव्हतं, त्याचा दोषही या लेकराच्या माथी होता.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, लघवी तपासणी. डबीतला रंग डाळिंबाच्या रसासारखा. मी पट्टी बुडवली; पट्टी म्हणते रक्त नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तांबड्या पेशी नाहीत. रंग रक्ताचा आणि रक्ताचा पत्ता नाही. बीट खाल्लं असेल, कसल्या गोळ्या घेतल्या असतील, असं म्हणून मी कागद पुढं सरकवणार होतो. खरं सांगायचं तर सरकवलाच होता. आमच्या डॉक्टर मॅडमनी तो परत मागवला. त्यांनी समोरच्या किराणा दुकानातून नोटा तपासायचा निळा दिवा आणवला, खिडकी बंद करायला लावली आणि दिवा डबीवर धरला. डबी निखाऱ्यासारखी तांबडी-गुलाबी उजळली. मग त्यांनी त्या मुलाला हसायला सांगितलं. त्याला वाटलं फोटो काढतात, तो हसला. त्याचे दातही तसेच उजळले.

नमुना काळ्या कागदात गुंडाळून हैदराबादला गेला. उत्तर आलं ते असं: जन्मजात पोर्फिरिया. हान्स गुंथर नावाच्या जर्मन डॉक्टरनं १९११ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून गुंथरचा आजार असंही म्हणतात. महारोग नव्हता, एकाचा दुसऱ्याला होणारा नव्हता. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “साहेब, असली लेकरं आनखी किती हायती?”

त्या दिवशी माझ्याकडं उत्तर नव्हतं. आज बोलतो आहे ते त्याच प्रश्नाबद्दल.

आधी आजार थोडक्यात. आपलं रक्त लाल असतं ते हीम नावाच्या द्रव्यामुळं. हे द्रव्य शरीर आठ टप्प्यांनी तयार करतं. गुऱ्हाळात रस एका काहिलीतून दुसरीत जातो, तशा आठ काहिली समजा. एका काहिलीवरचा गडी कामचुकार निघाला की त्याच्या आधीचा माल साचतो आणि उतू जातो. उतू जाणाऱ्या या मालाला पोर्फिरिन म्हणतात. ते कातडीत साचलं आणि त्यावर उजेड पडला की कातडी आतून भाजते. कोणत्या काहिलीवर अडलं त्यावर आजाराचा प्रकार ठरतो. काही प्रकारांत कातडीला काही होत नाही, पोटात भयंकर कळा येतात. ते प्रकार आज बाजूला ठेवू. आणखी एक बारीक गोष्ट: पोर्फिरिनला भाजायला लागतो तो जांभळट उजेड, आणि तो डोळ्यांना दिसणारा उजेड आहे. तो काचेतून आत येतो. बसच्या खिडकीशी बसलेलं मूल काच बंद असूनही रडतं, ते याच कारणानं. जाहिरातीतली उन्हाची क्रीमही त्याला फारशी अडवत नाही.

आता मोजणी.

कातडीच्या पोर्फिरियात सर्वांत जास्त आढळतो तो प्रौढांतला, हाताच्या पाठीवर फोड आणणारा प्रकार. जगभरात ढोबळ अंदाज आहे दहा हजारांत एक. याचे बहुतेक रुग्ण जन्मतः आजारी नसतात. दारू, कावीळ ‘सी’, शरीरात साठलेलं जास्तीचं लोह यांनी यकृतातली ती काहील बंद पडते. दुसरा प्रकार लहान मुलांचा. फोड फारसे नाहीत, पण उन्हात गेलं की आग, ठणका, सूज. युरोपातल्या अकरा देशांनी मिळून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात याचं प्रमाण दहा लाखांत सुमारे नऊ निघालं. आणि तिसरा तो गुंथरचा, त्या मुलाचा. तो दहा लाखांत एकापेक्षाही कमी. साऱ्या जगात नोंदलेले रुग्ण काहीशेच.

२०११ च्या जनगणनेत बिदर जिल्ह्याची लोकसंख्या १७ लाख ३ हजार ३०० होती, कलबुर्गीची २५ लाख ६६ हजारांवर. जगाचे आकडे जसेच्या तसे इथं लावले, तर एकट्या बिदर जिल्ह्यात पहिल्या प्रकारचे १७० रुग्ण हवेत, दुसऱ्या प्रकारची पंधरा-सोळा मुलं हवीत आणि तिसऱ्याचा एखाद-दुसरा. आमच्या नोंदवह्यांत पहिल्या दोन रकान्यांत मी आजवर एकही नाव पाहिलेलं नाही. म्हणजे आजार नाही का? शून्य लिहिणं वेगळं आणि रकाना कोरा असणं वेगळं. आमच्या वहीत शून्य नाही, कोरा रकाना आहे.

कुष्ठरोगाशी तुलना करून पाहा. दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण झाले की सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोग संपला असं मानायचं ठरलं होतं, आणि देशानं ती पातळी डिसेंबर २००५ मध्ये गाठली. हा आकडा कुठून आला? माणसं दारोदार फिरली. आमचे लोक फिरले, अंगावरचे चट्टे टोचून टोचून पाहिले. त्यानंतरही, २०१६ पासून, घरोघर शोधमोहिमा झाल्या आणि दडलेले रुग्ण सापडले. दहा हजारांत एक हा तोच आकडा, पण एका आजारासाठी सगळं खातं पायपीट करतं आणि दुसऱ्याचं नाव निमंत्रणपत्रिकेवर छापताना अडखळायला होतं. मी खात्याला नावं ठेवत नाही, पगार तिथलाच खातो. पण दुर्मीळ हा शब्द आपण ज्या सहजतेनं वापरतो, त्यात न मोजलेलं किती आहे, हे ध्यानात ठेवावं.

शिवाय युरोपचे आकडे इथं जसेच्या तसे लागत नाहीत. तिथली माणसं वेगळी, त्यांची सोयरीक वेगळी. हे कळण्यासाठी दक्षिण आफ्रिकेची हकीकत ऐका. मला ती फार आवडते.

१६८८ साली केप इथं गेरिट यान्स नावाच्या डच वसाहतकऱ्यानं आरिआंत्ये याकोब्स हिच्याशी लग्न केलं. ती रॉटरडॅमहून पाठवलेल्या अनाथ मुलींपैकी एक. त्या वेळी तिथं गोऱ्यांची घरं मोजकीच. या जोडप्यातल्या एकाकडं पोर्फिरियाच्या एका प्रकाराचं बीज होतं. मुलं भरपूर झाली, मुलांना मुलं झाली, आणि सोयरिकी त्या मोजक्या घरांतच फिरत राहिल्या. पुढं अडीचशे वर्षांनी जॉफ्री डीन नावाचा डॉक्टर पोर्ट एलिझाबेथला आला. हातांच्या पाठीवर फोड येणारी माणसं त्याला वारंवार दिसू लागली. त्यानं त्यांच्या वंशावळी काढायला घेतल्या. चर्चमधली दप्तरं चाळली, शेतांवर जाऊन म्हाताऱ्यांचे हात पाहिले. एकामागून एक घराणी मागं नेत नेत तो त्या १६८८ च्या लग्नाशी जाऊन पोचला. तिथल्या गोऱ्या समाजात हे बीज हजारात तिघांकडं असल्याचा अंदाज निघाला. युरोपात याच प्रकाराचे रुग्ण दहा लाखांत सुमारे तीन. यातला एक आकडा बीज बाळगणाऱ्यांचा आणि दुसरा आजारी पडलेल्यांचा, म्हणून सरळ भागाकार करू नये. तरी फरक केवढा आहे बघा. १९९६ मध्ये तो जनुकातला एकच बदल शोधून डीनचं म्हणणं पक्कं झालं. डीनला आणखी एक गोष्ट दिसली होती. पूर्वजांना हा आजार फोडांपलीकडं फारसा जाचला नव्हता. गुंगीची बार्बिट्युरेट औषधं आली आणि त्यांची पतवंडं शस्त्रक्रियेनंतर लुळी पडू लागली, मरू लागली. बीज तेच, काळ बदलला.

आता आपल्याकडं या. आपली मराठी घरं इथं किती पिढ्यांची? भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद. पलीकडं उदगीर, निलंगा, देगलूर. लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढून पाहा, तीच वीस-पंचवीस आडनावं आलटून पालटून दिसतील. त्यात आपली जुनी रीत: मामाची मुलगी करायची, आत्याच्या मुलाला द्यायची. कर्नाटकात सख्ख्या मामालाही भाची देतात. तिकडचे पाहुणे ऐकून कानावर हात ठेवतात, इकडं ते रोजचं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कर्नाटकातली शंभरातली सुमारे २७ लग्नं नात्यातली निघाली. आपण म्हणतो, गोत्र वेगळं आहे, चालतं. चुलत बहीण चालत नाही, मावस चालत नाही, मामेबहीण चालते. पण गोत्र बापाकडून मोजतात आणि बीज दोन्हीकडून येतं. चुलत, मावस, मामे, आते, चौघांचंही रक्ताचं अंतर सारखंच: आजी-आजोबा एक.

पाटीवर मांडावं असं गणित आहे, तोंडी सांगतो. गुंथरच्या आजारात आई आणि बाप दोघांकडून सदोष बीज आलं तरच मूल आजारी होतं. एकाकडून आलं तर काहीही होत नाही, माणूस ठणठणीत राहतो, त्याला कळतसुद्धा नाही. समजा आजार दहा लाखांत एक आहे. मग ते बीज गुपचूप बाळगणारा माणूस पाचशेत एक असतो. पाचशेत एक! म्हणजे या मंडपात हजार माणसं असतील तर दोन. आपल्या नौबादच्या करेझसारखं आहे हे. बहमनी काळातला तो जमिनीखालचा पाट कित्येक वर्षं कुणाला ठाऊक नव्हता, शेतात मधूनच एखादी विहीर दिसायची आणि ती सुटी विहीर वाटायची. माणसं आत उतरली, गाळ काढला, तेव्हा कळलं की खालून सगळं एकच आहे.

तर पाचशेत एक. परक्या घरातली मुलगी केली तर तिच्याकडंही तेच बीज असण्याचा संभव कमी, म्हणून एकूण दहा लाखांत एक. मामाची मुलगी केली तर तिच्या आणि माझ्या आजीकडून तेच बीज दोघांकडं आलेलं असू शकतं. अशा लग्नांत तेच प्रमाण होतं साधारण १६ हजारांत एक. मामा-भाचीच्या लग्नात ८ हजारांत एक. आजार तोच, जिल्हा तोच. फक्त लग्न कुणाशी झालं एवढ्यानं दुर्मीळ या शब्दाचा अर्थ साठपट, सव्वाशेपट बदलला.

आता मागून कुणीतरी म्हणेल, १६ हजारांत एक म्हणजे १५ हजार ९९९ सुखरूप की! बरोबर आहे. पण असा आजार एकच नाही, शेकडो आहेत, आणि प्रत्येकाचं गणित हेच. सगळे धरून जन्मतः मोठं व्यंग किंवा गंभीर आजार असण्याचं प्रमाण एरवी शंभरात दोन-तीन, ते मामे-आते भावंडांच्या मुलांत जवळपास दुप्पट होतं. घाबरून जावं असा हा आकडा नाही, आणि कानाआड करावा असाही नाही. मी उंटावर बसून शेळ्या हाकत नाही. मी स्वतः मामाचीच मुलगी केली आहे, ती समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. आमची दोन्ही मुलं चांगली आहेत. पण लग्नाच्या वेळी हे गणित मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी तेव्हा प्रयोगशाळेतच कामाला होतो.

त्या मुलाचे आई-बापही मामे-आते भावंडं. त्यांच्या पुढच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. हे मॅडमनी त्यांना सांगितलं तेव्हा मी शेजारी उभा होतो. आईनं विचारलं, “म्हंजी माझ्या भावाच्या लेकरान्ला बी?” फार मुद्द्याचा प्रश्न होता.

सगळा दोष रक्ताला देऊ नका, हेही सांगायला हवं. तुर्कस्तानच्या आग्नेय भागात १९५५ ते १९५९ च्या दरम्यान तीन-चार हजार माणसांना कातडीचा पोर्फिरिया झाला. ना वंशाचा संबंध, ना सोयरिकीचा. सरकारनं पेरणीसाठी गहू वाटला होता, त्याला बुरशीनाशक लावलेलं होतं, हेक्झाक्लोरोबेंझीन. टंचाई होती, लोकांनी तो दळून खाल्ला. मुलांच्या हातातोंडावर फोड आले, कातडी काळवंडली, अंगावर लव वाढली. तिथं त्याला ‘काळी जखम’ म्हणत. अंगावर पिणाऱ्या बाळांना दुधातून विष गेलं, त्यांना ‘गुलाबी जखम’ झाली आणि ती बहुतेक वाचली नाहीत. काही खेड्यांत त्या वयाची मुलंच उरली नाहीत. आपणही तुरीचं, सोयाबीनचं रंग लावलेलं बियाणं आणतो. पेरून उरलं की पोतं माळ्यावर जातं. ते हेच औषध नव्हे, पण ते धुऊन चुलीवर चढवणारी घरं मला माहीत आहेत. आजी, तुम्हालाही माहीत आहेत.

मग आपल्याकडं मोजणी का होत नाही? एक कारण आपल्या नकाशातच आहे. १९५६ मध्ये आपला जुना बिदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर पलीकडं गेले. नाती तिथंच राहिली, सीमा मधून गेली. आपला रुग्ण एकदा बिदरला दाखवतो, मग लातूरला मावशीकडं जातो, मग सोलापूरला, शेवटी हैदराबादला. तीन राज्यं, तीन दप्तरं, कुठंच तो पूर्ण नोंदला जात नाही. केंद्र सरकारचं दुर्मीळ आजारांचं धोरण २०२१ मध्ये आलं, त्यातही कबूल केलं आहे की पुरेशी आकडेवारी नसल्यानं दुर्मीळ कशाला म्हणायचं याची आपली व्याख्या ठरलेली नाही.

दुसरं कारण तपासणीचं, आणि इथं मला आमच्या धंद्याबद्दल बोलू द्या. नमुना उजेडात ठेवला तर पोर्फिरिन नासतं. डबी तासभर खिडकीत राहिली की अहवाल खोटा. म्हणून ती चांदीच्या कागदात किंवा काळ्या कागदात गुंडाळायची. मुलांच्या त्या दुसऱ्या प्रकारात तर लघवी अगदी स्वच्छ येते, कारण ते पोर्फिरिन पाण्यात विरघळतच नाही. रक्तच तपासावं लागतं. मूल उन्हात गेलं की हात चोळत रडतं, थंड फरशीला हात लावून बसतं, आणि अंगावर पाहावं तर काही नाही. घरात म्हणतात शाळा बुडवायचं सोंग. अहवालही म्हणतो काही नाही. त्या लेकरानं कुणाला पटवायचं?

तिसऱ्या कारणाला घरातली बायकामाणसं साक्षीदार आहेत. गुंथरच्या आजारात बाळाचे लंगोट पहिल्या काही महिन्यांतच गुलाबी-तांबडे डागाळतात. ते धुणारी आजी असते. तिला पहिल्यांदा कळतं, आणि तीच पहिल्यांदा गप्प बसते, कारण घरात लग्नाच्या मुली असतात. आजी, तो लंगोट डॉक्टरांना दाखवा. नवजात बाळाला कावीळ झाली की निळ्या दिव्याखाली ठेवतात. या बाळांना तो दिवा जाळतो. आणि मोठ्या माणसांनी, हाताच्या पाठीवर वारंवार फोड येत असतील तर अशक्तपणा म्हणून लोहाच्या गोळ्या आपल्या मनानं घेऊ नयेत. त्या प्रकारात उलट रक्त काढून लोह कमी करतात. क्लोरोक्वीन त्यात अगदी थोड्या मात्रेत औषध आहे, मलेरियाच्या मात्रेत घातक. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नको.

तो मुलगा आता मोठा आहे. त्यावर अस्थिमज्जा बदलण्याचा उपाय आहे, बरं झाल्याची उदाहरणं आहेत, पण जुळणारा दाता घरात मिळाला नाही. घराच्या खिडक्यांना जाड पडदे आहेत, अभ्यास रात्री करतो, परीक्षेला छत्री घेऊन जातो. विसर्जनाच्या मिरवणुकीत गेली दोन वर्षं तो लेझीम खेळतो; मिरवणूक अंधार पडल्यावर निघते म्हणून.

(भाषणानंतर एका आजींनी विचारलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर चिटणिसांच्या सांगण्यावरून इथं देत आहे.)

प्रश्न: मार्गशीर्षात नातवाचं मामाच्या पोरीशी ठरवायचं म्हणतो आम्ही. मोडू का?

उत्तर: आजी, मोडा असं मी म्हणणार नाही. बैठकीच्या आधी दोन्हीकडच्या म्हाताऱ्या माणसांना एकत्र बसवा आणि विचारा: घराण्यात कुठलं लेकरू लहानपणी गेलं? कशानं गेलं? कुणाला ऊन सोसत नव्हतं? कुणाचे लंगोट डागाळायचे? कुणाला बाहेर काढत नव्हते? आतापर्यंत जे झाकलं ते त्या दिवशी सांगा. काही निघालं तर साखरपुड्याआधी दोघांना घेऊन हैदराबादला जनुकतज्ज्ञांना भेटा. निम्स रुग्णालय आणि तिथली डीएनए संस्था मिळून दुर्मीळ आजारांचं केंद्र चालवतात, बंगळुरूलाही आहे. कोणत्या आजाराची शंका आहे ते माहीत असेल तर त्याची तपासणी होते. सगळ्या आजारांची एक तपासणी मागाल तर तशी नाही. आणि कागद घेऊन माझ्याकडं आलात तर कुठं जायचं ते मी लिहून देईन. सकाळी दहाच्या आत या, मग गर्दी होते.